रानआल्याचे नाव कोणी सांगितले?

नाताळ जवळ आला की आपल्या घरांतून आल्याचा वास दरवळू लागतो. जिंजर वाईनसाठी ठेचलेले आले, त्यात पडणारी लवंग-दालचिनी आणि तांबूस होईतो करपवलेली साखर यांचा एकत्रित वास ज्याच्या बालपणात मिसळलेला नाही असा वाचक आमच्या त्रैमासिकाला क्वचितच असेल. या आल्याची ओळख करून देण्याची गरज नाही. त्याच्या रानातल्या भाऊबंदाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. तो आपल्या स्वयंपाकघरात आला नाही, आपल्या बाजारात त्याला भाव मिळाला नाही, आणि त्याच्या नावाचाही नीटसा ठावठिकाणा नाही. तरीही या उपेक्षित रोपाच्या मागे जो इतिहास उभा आहे त्यात गोवा आहे, मलबार आहे, एक अनवाणी कार्मेलाईट धर्मगुरू आहेत, एक डच सेनानी आहेत आणि केरळातील एक वैद्य आहेत. आम्हाला तो इतिहास वाचकांपुढे मांडावासा वाटला, कारण त्यात श्रेय कोणाचे हा प्रश्न आहे आणि त्या प्रश्नात आपली ख्रिस्तसभाही गुंतलेली आहे.

प्रथम रोपाची ओळख करून घेऊ. वनस्पतिशास्त्रात त्याला झिंजिबर झेरूम्बेत म्हणतात. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की जमिनीतून त्याचे कोंब वर येतात आणि बघता बघता पानांचे दांडे तीन ते सहा फूट उंच होतात. फूल या दांड्यांवर येत नाही. ते थेट कंदापासून निघालेल्या वेगळ्या देठावर येते. देठाच्या टोकाला खवल्याखवल्यांचे, अननसाच्या पिल्लासारखे दिसणारे बोंड धरते. आधी ते हिरवे असते, पुढे लालभडक होते, आणि खवल्यांच्या फटींतून फिकट पिवळी नाजूक फुले एकेक करून डोकावतात. बोंड हातात दाबले तर स्वच्छ, बुळबुळीत, सुवासिक रस बाहेर येतो. कंद आल्यासारखाच गाठाळ, आतून पिवळसर आणि वासाचा. चव मात्र कडवट. मसाल्यात त्याला स्थान मिळाले नाही ते या कडवटपणामुळेच. हिवाळा सुरू झाला की पाने पिवळी पडून गळतात आणि रोप जमिनीवरून पार नाहीसे होते.

(कोकणात ‘रानआले’ हा शब्द अनेक रोपांना लावला जातो हे येथेच सांगितले पाहिजे. सह्याद्रीत आढळणाऱ्या आल्याच्या एका रानटी जातीला निम्मो यांचे नाव आहे. जॉन ग्रॅहम यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींची यादी केली. 1839 साली ते खंडाळ्यास निवर्तले तेव्हा ती अपुरी होती, आणि निम्मो यांनी ती पुरी केली. आम्ही ज्याच्याविषयी लिहीत आहोत ते रानआले वेगळे.)

आता नावाकडे वळू. ‘झेरूम्बेत’ हा शब्द मूळचा अरबी-फारसी वैद्यकातला. भारतात छापलेल्या पुस्तकात तो प्रथम आला तो गोव्यात, 1563 साली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यांनी त्या वर्षी भारतातील औषधी द्रव्यांवर संवादरूपाने लिहिलेला आपला ग्रंथ गोव्याच्या छापखान्यात छापून घेतला. ओर्ता 1534 साली भारतात आले. पोर्तुगीज राजाकडून मुंबई बेट त्यांना भाडेपट्ट्याने मिळालेले होते. आल्यावर त्यांनी एक स्वतंत्र संवाद लिहिला आहे. ओल्या आल्याला गुजरातेत व दख्खनेत ‘अद्रक’ म्हणतात आणि मलबारात ‘इंजी’, अशी नोंद ते करतात. सुंठेसाठी त्यांनी दिलेला शब्द त्यांच्या पोर्तुगीज लेखणीत ‘सुक्ते’ असा झाला आहे. तरीही त्यात आपली सुंठ ओळखू येते. झेरूम्बेतविषयी ते सांगतात की गुजराती, दख्खनी आणि कानडी लोक त्याला ‘कचोरा’ म्हणतात आणि मलबारी लोक ‘कूवा’.

म्हणजे ओर्तांचा झेरूम्बेत हा आपला कचोरा झाला, रानआले नव्हे. हे नाव पुढे भलत्याच रोपाला कसे चिकटले ते ओघाने येईलच. ओर्तांच्या ग्रंथातील आणखी एक गोष्ट मात्र येथे नोंदवल्यावाचून राहवत नाही. त्यात मालुपा नावाचे एक हिंदू वैद्य चर्चेला येतात आणि अँटोनिया नावाची दासी ताजी पाने-फळे आणून दाखवते. विद्वानांच्या चर्चेसाठी झाडपाला हुडकून आणणाऱ्या व्यक्तीचे नाव सोळाव्या शतकात छापले गेले, ही साधी गोष्ट नव्हे. तिची ओळख मात्र त्या एका नावापलीकडे जात नाही.

ओर्ता यांचा शेवट आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये असा आहे. ते ज्यू वंशाचे होते. घराण्याने सक्तीने ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला होता. 1568 साली ते गोव्यात मरण पावले. त्यांची बहीण कातारिना हिला 1569 साली गोव्याच्या धर्मन्यायपीठाच्या निकालानुसार जाळण्यात आले, आणि 1580 साली खुद्द ओर्तांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. ज्यांच्या विद्येचा युरोपभर गौरव झाला, त्यांच्या हाडांनाही आपल्या लोकांनी स्वस्थता दिली नाही. एवढे लिहून पुढे जावे हे बरे.

ओर्तांनंतर शंभर वर्षांनी प्रसंग मलबारात घडतो. 1663 च्या जानेवारीत डचांनी पोर्तुगिजांकडून कोचीन जिंकले. डच प्रॉटेस्टंट होते. कॅथलिक धर्मगुरूंवर, विशेषतः पोर्तुगिजांशी संबंध असलेल्यांवर, त्यांचा रोष होता आणि युरोपियन धर्मगुरूंना मुलूख सोडण्याचे हुकूम सुटले. केरळातील थोमा ख्रिस्ती समाज त्याआधीच दुभंगलेला होता. 1653 साली कूनन क्रूसाची शपथ झाली आणि ती जखम भरून काढण्यासाठी रोमने कार्मेलाईट मिशनरी पाठवले. त्यांत फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ होते.

फादर मॅथ्यूंचे मूळ नाव पिएत्रो फोल्या. नेपल्सजवळच्या मार्चानीझे गावचे ते रहिवासी. व्रतस्थ होण्यापूर्वी त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला होता. पूर्वेकडील मिशनकार्यात पश्चिम आशियातून फिरताना ते अरबी शिकले, आणि जेथे जात तेथील वनस्पतींची चित्रे काढण्याचा छंद त्यांनी कधी सोडला नाही. त्यांच्या चित्रांपैकी काही इटलीत बोलोन्या येथील जाकोमो झानोनी या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पोचली आणि 1675 साली त्यांच्या ग्रंथात प्रसिद्धही झाली. असा हा धर्मगुरू, एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हातात मुळासकट उपटलेले रोप घेऊन मलबारच्या वाटांनी फिरताना आम्ही डोळ्यांपुढे आणतो तेव्हा आपल्या जुन्या मिशनरींच्या वृत्तांतांतून सहसा न भेटणारे एक वेगळेच माणूस आम्हाला दिसते.

डचांचे मलबारातील अधिकारी होते हेन्ड्रिक अड्रियान व्हान रेडे. 1670 पासून 1677 पर्यंत त्यांच्याकडे हे पद होते. मलबारच्या जंगलांतून प्रवास करताना तेथील झाडांची विपुलता पाहून त्यांच्या मनात त्यांचा ग्रंथ करण्याची कल्पना आली, आणि या कामी त्यांनी मदत मागितली ती कार्मेलाईट धर्मगुरूकडे! ज्यांच्या संघाला डचांनी हुसकावले त्यांच्याच एका सभासदाशी डच सेनानींची मैत्री जुळली. 1673 साली एर्नाकुळमजवळच्या चात्यात येथे व वरापुळा येथे कार्मेलाईटांची मंदिरे उभी राहिली. केरळच्या कॅथलिकांत अशी समजूत आहे की फादर मॅथ्यूंच्या वनस्पतिज्ञानामुळे व्हान रेडे यांचे मन वळले. राजकारणाची कारणेही असणारच. पण ही समजूत निराधार म्हणता येणार नाही.

फादर मॅथ्यूंनी आपली चित्रे आणि वर्णने व्हान रेडे यांच्या स्वाधीन केली, आणि येथे कथेला वळण मिळते. पॉल हेरमान नावाच्या एका तज्ज्ञ वनस्पतिशास्त्रज्ञाने ती पाहिली आणि ती शास्त्रीय कसोटीला उतरत नाहीत असे मत दिले. धावपळीच्या प्रवासात, आठवणीवर विसंबून काढलेली ती चित्रे होती. व्हान रेडे यांनी काम नव्याने आरंभले. लॅटिन वर्णने लिहिण्यास त्यांनी कोचीनचे प्रॉटेस्टंट पाळक योहानेस कासेआरियुस यांना बसवले. हे तरुणपणी स्पिनोझा या तत्त्ववेत्त्याकडे शिकलेले. चित्रांसाठी गोएटकिंट आणि स्प्लिंटर हे चित्रकार नेमले. आणि ज्ञानासाठी? ज्ञानासाठी मलबारच्या लोकांकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

चेरथलाजवळच्या कडक्करपळ्ळी येथील कोल्लाट घराण्याचे इट्टी अच्युतन हे एळवा समाजातील वैद्य. त्यांच्या घराण्यात औषधी वनस्पतींची ताडपत्री पोथी पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. त्या पोथीतील नावे आणि गुणधर्म त्यांनी तोंडी सांगितले. ते मल्याळममधून पोर्तुगीजमध्ये उतरवण्याचे काम कंपनीचे दुभाषे इमानुएल कार्नेरो यांनी केले, आणि पोर्तुगीजमधून ते लॅटिनमध्ये गेले. त्यांच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ आपण या कामी खपलो असे 1675 सालचे त्यांचे प्रशस्तिपत्र सांगते, आणि ते ग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीत कोरून छापले आहे. नागरी अक्षरांच्या अगदी आरंभीच्या छापील नमुन्यांपैकी हा एक नमुना.

हे कोंकणी ब्राह्मण कोचीनला कसे आले? त्यांचे पूर्वज गोव्याचे. पोर्तुगीज अमलातील धर्मछळापासून दूर जाण्यासाठी त्या समाजातील अनेक कुटुंबे सोळाव्या शतकात दक्षिणेकडे निघून गेली होती. तेव्हा एकाच ग्रंथात गोवा सोडावा लागलेल्यांचे वंशज, रोमने पाठवलेले कॅथलिक धर्मगुरू, कॅल्व्हिनपंथी पाळक आणि उच्चवर्णीयांच्या देवळात ज्यांना पाऊल टाकता येत नसे त्या समाजातील वैद्य अशी माणसे एकत्र आली. व्हान रेडे यांनी तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत या कामाची हकीकत दिली आहे. पंधरा-सोळा विद्वान वैद्य एकत्र बसत, रोपावर वाद होई, जुन्या ग्रंथांतील श्लोक मुखोद्गत म्हणून दाखवले जात, आणि हे सारे अशा सभ्यपणे चाले की ते पाहून हा डच अधिकारी थक्क झाला. रोपे आणण्यासाठी त्यांनी शेकडो माणसे रानात पाठवली. त्या माणसांची नावे मात्र कोठेच नाहीत. अँटोनियाइतकेही भाग्य त्यांना लाभले नाही.

या परिश्रमातून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला प्रसिद्ध झाला. त्यात 742 वनस्पती आहेत. अनेक चित्रांवर रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांतून नावे कोरलेली आहेत. आले, हळद, कचोरा आणि त्यांचे सगेसोयरे अकराव्या खंडात येतात. आल्याला तेथे ‘इंजी’ म्हटले आहे, कचोऱ्याला ‘कूवा’, आणि आपल्या रोपाला ‘काट्टू इंजी कूवा’. काट्टू म्हणजे रानातले. नाव अगदी नेमके आहे: ना धड इंजी, ना धड कूवा, रानात राहणारे दोहोंच्या मधले. ज्याने ते उच्चारले त्याने रोप नुसते पाहिले नव्हते. कंद तोडून, हुंगून, चाखून पाहिला होता. पोथीतून आलेले हे नाव इट्टी अच्युतन यांच्या तोंडचे, की ते रानातून उपटून आणणाऱ्या एखाद्या मजुराचे, हे चित्रावरून कळत नाही.

अकरावा खंड 1692 साली निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी, 1691 च्या डिसेंबरात, व्हान रेडे कोचीनहून सुरतेस जाताना जहाजावर मरण पावले. सुरतेच्या डच दफनभूमीत त्यांची घुमटाची भव्य कबर आजही उभी आहे. फादर मॅथ्यूही त्याच 1691 साली निवर्तले. कासेआरियुस तर 1677 सालीच बटाव्हियाला गेले आणि तेथेच वारले. रानआल्याचे छापील चित्र पाहण्याचे या तिघांच्याही नशिबी नव्हते.

पुढे साठ वर्षांनी, 1753 साली, स्वीडनच्या लिनेयस यांनी साऱ्या वनस्पतींना दोन शब्दांची नावे दिली, तेव्हा या रोपास त्यांनी ‘अमोमुम झेरूम्बेत’ असे म्हटले. ओर्तांनी कचोऱ्यासाठी वापरलेला शब्द अशा रीतीने रानआल्याच्या गळ्यात पडला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ‘अमोमुम’ जाऊन ‘झिंजिबर’ आले, पण झेरूम्बेत राहिले ते राहिलेच. मलबारच्या वैद्यांनी दिलेले अचूक नाव मागे पडले आणि चुकून चिकटलेले नाव जगभर रूढ झाले.

आता श्रेयाचा प्रश्न. फादर मॅथ्यूच या ग्रंथाचे खरे कर्ते, असे पुढच्या काळात आपल्यातील काही लेखकांनी लिहिले, आणि ते वाचून आपल्याला अभिमान वाटतो हे खरे आहे. परंतु आमच्या मते हा दावा टिकत नाही. आरंभ त्यांच्यापासून झाला, आणि त्यांच्या साहाय्याचा उल्लेख ग्रंथातच आहे. पण ज्ञानाचा मुख्य साठा वैद्यांचा होता. उलट, त्यांची चित्रे सदोष ठरली म्हणून त्यांना कथेतून वगळणे हेही अन्यायाचे. धर्मकार्याच्या धबडग्यात, आजारपणात, परक्या सत्तेच्या मर्जीवर दिवस काढताना एक माणूस झाडपाल्याची चित्रे काढत राहतो आणि आपले सारे कागद दुसऱ्या पंथाच्या अधिकाऱ्याच्या हाती निर्लोभपणे देतो. हे औदार्य आम्हाला कर्तेपणाहून मोठे वाटते. शास्त्राने कासेआरियुस यांचे नाव ‘कासेआरिया’ या वंशाला दिले, व्हान रेडे यांचे ‘ऱ्हीडिया’ला, आणि उशिरा का होईना, इट्टी अच्युतन यांचे ‘अच्युदेमिया’ला.

अच्युतन यांची ताडपत्री पोथी आज उपलब्ध नाही. कडक्करपळ्ळीला त्यांच्या घराण्याचे दिवा लावण्याचे लहानसे देवघर मात्र जपून ठेवले आहे. त्यांचे ज्ञान केरळच्या लोकांना त्यांच्याच भाषेत परत मिळायला सव्वातीनशे वर्षे लागली. के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आपल्या आयुष्याची कित्येक दशके या एका ग्रंथाला वाहिली, त्यातील जवळपास सर्व वनस्पती पुन्हा रानातून शोधून काढल्या, लॅटिन शिकून साऱ्या ग्रंथाचे भाषांतर केले. इंग्रजी आवृत्ती 2003 साली आणि मल्याळम 2008 साली केरळ विद्यापीठाने काढली. मणिलाल 1 जानेवारी 2025 रोजी वारले.

या रोपाला ‘रानटी’ म्हणावे की नाही, याचीही आम्हाला अलीकडे शंका येऊ लागली आहे. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर ते जंगलात माजलेले दिसते. पण तेथे ते मूळचे नाही. युरोपियन गलबते तेथे पोचण्याच्या शेकडो वर्षे आधी पॉलिनेशियन लोकांनी होड्यांतून केळी, तारो, हळद यांच्याबरोबर याचेही कंद नेले आणि लावले. तेथे त्याला ‘आवापुही’ म्हणतात, आणि बोंडातला तो बुळबुळीत रस केस धुण्यास वापरतात. म्हणजे तेथील रानआले हे कधीकाळी हाताने लावलेले, आणि लावणारे हात गेल्यावर रानात राहिलेले. मलबारातल्या रानआल्याचाही काही भाग असाच जुन्या परसांतून सुटलेला नसेल कशावरून?

शेतकऱ्याच्या दृष्टीने या रोपाची महती अलीकडेच ध्यानात आली आहे. आपले नेहमीचे आले बी धरत नाही. बेण्यातूनच ते वर्षानुवर्षे पुढे जाते. त्यामुळे त्यात फरक पडत नाही आणि रोग आला की शेतच्या शेत बसते. कंदकूज ही त्यातली सर्वांत वाईट व्याधी. ज्यांनी आले लावले आहे त्यांना पिवळी पडलेली पाने आणि हाताला लागताच सुटून येणारा दांडा ठाऊक असेल. ही व्याधी पिथियम नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होते. तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्रातील संशोधकांना असे आढळले की रानआले या पिथियमला दाद देत नाही. हा प्रतिकार कशात आहे याचा शोध तेथे घेतला गेला. त्याच्या कंदातील झेरूम्बोन या द्रव्यावरही प्रयोगशाळांतून बरेच काम झाले आहे. मात्र त्यावर विसंबून कोणी घरच्या घरी औषधे करू नयेत.

लागवड अवघड नाही. मे महिन्याच्या अखेरीस एक-दोन डोळ्यांचे कंदाचे तुकडे दोन-तीन इंच खोल पुरावेत. नारळी-पोफळीखालची अर्धी सावली त्याला मानवते. जमीन पाणी धरून ठेवणारी नसावी. वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. पहिल्या वर्षी बोंडे आली नाहीत तर निराश होऊ नये. पाने वाळू लागली की पाणी तोडावे आणि कंद आहे तेथेच राहू द्यावा. आम्ही लावलेले रोप पहिल्याच हिवाळ्यात दिसेनासे झाले तेव्हा घरच्या मंडळींनी ते मेले असे समजून तेथे मिरची लावण्याची तयारी केली होती. म्हणून आता त्या जागी एक पाटी खोचली आहे. झेरूम्बेत लिहावे की रानआले, यावर घरात थोडा वाद झाला. अखेर पाटीवर ‘काट्टू इंजी कूवा’ लिहिले, आणि खाली लहान अक्षरांत, ‘खणू नये’.